खाऱ्या पाण्यात वापरलेले जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन दुरुस्त करताना कामाचा क्रम कोणता धरावा?

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मालवण तालुक्यात कालावल खाडीच्या काठी आमच्या काकांची फायबरची छोटी होडी आहे. काकांनी मासेमारी सोडल्यापासून तिचे आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायचे, इंजिन मांगरात (शेतघरात) पडून आहे. इंजिन जपानी बनावटीचे, 8 अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरांचे, कार्बुरेटर असलेले आणि दोरीने चालू होणारे आहे. वरचे झाकण शाबूत असल्यामुळे वायरिंग उंदरांच्या तावडीतून वाचले आहे. मात्र गिअरबॉक्सवरचा रंग फुगून त्याखाली पांढरी भुकटी साचली आहे, हेडचे बोल्ट पान्याला दाद देत नाहीत आणि फ्लायव्हील (इंजिनाच्या माथ्यावरचे जड चाक) हाताने फारच जड फिरते.

गावातील एका जाणकारांचे म्हणणे असे की, टाकीत ताजे पेट्रोल भरून दोरी ओढत राहावे, म्हणजे इंजिन आपोआप मोकळे होईल. मला हे धाडसाचे वाटते. काम नेमके कोठून सुरू करावे, स्कूटरचे टू-टी तेल या इंजिनाला चालेल का आणि मुळात या इंजिनावर खर्च करावा की नाही हे कोणत्या टप्प्यावर ठरवावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सुकाणू

दोरी ओढण्याचा सल्ला कृपया मानू नका. या प्रकारच्या इंजिनाला मोटारीसारखा तेलाचा वेगळा साठा नसतो. पेट्रोलात मिसळलेले तेल हेच त्याचे एकमेव वंगण असते. इंजिन दीर्घकाळ बंद राहिले की क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांवरचा तेलाचा थर नाहीसा होतो आणि पिस्टनच्या रिंगा आपल्या खाचांत किंवा सिलिंडरच्या भिंतीला चिकटून बसतात. अशा वेळी दोरीचा झटका दिला तर रिंग मोडते, तिचा तुकडा पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकात) अडकतो आणि थोडक्यात सुटू शकणारे इंजिन खरोखरच भंगारात जाते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र वरच्या इंजिनात नसून खालच्या गिअरबॉक्समध्ये आहे, म्हणून मी तेथूनच सुरुवात करतो. इंजिन उभे असताना गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू सावकाश सैल करा आणि सर्वांत आधी काय बाहेर येते ते एका स्वच्छ भांड्यात पाहा. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसलेले असते. आधी पाणी आले किंवा तेल दुधी रंगाचे निघाले, तर सील (शाफ्टभोवतीची, पाणी अडवणारी रबरी कडी) गेले आहेत असे समजावे. सील बदलणे स्वस्त आहे, परंतु त्या पाण्याने आतील गिअर आणि बेअरिंगे गंजवली असतील तर ती बदलण्याचा खर्च बऱ्याचदा जुन्या इंजिनाच्या किमतीलाही मागे टाकतो. तेलात धातूचे चकाकणारे तुकडे दिसले, तर माझ्या मते येथेच थांबावे. स्क्रूच्या लोहचुंबकावर बारीक करडा लेप असेल तर तो नेहमीच्या झिजेचा असतो. त्याने घाबरून जाऊ नये.

गिअरबॉक्स धड निघाला तर वरच्या भागाकडे वळा. दोन्ही स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून गंज सोडवणारे तेल सोडा, ते निदान रात्रभर मुरू द्या आणि मग फ्लायव्हील वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने केवळ हाताने, मागे-पुढे न झटकता फिरवा. अडले तर जोर लावू नका; आणखी तेल सोडून वाट पाहा. ते मोकळे झाले की कॉम्प्रेशन (सिलिंडरात तयार होणारा दाब) मोजा. त्या वेळी दोन्ही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवलेल्या असाव्यात. दोन सिलिंडरांच्या आकड्यांत साधारण 10 टक्क्यांपेक्षा अधिक तफावत नसणे, हे आकडा किती मोठा आहे यापेक्षा महत्त्वाचे असते.

मचवा

सुकाणू यांच्या क्रमाशी मी सहमत आहे, मात्र हेडच्या बोल्टांविषयी काही लिहिणे आवश्यक वाटते. कॉम्प्रेशन चांगले आले तर हेड उघडूच नये, असे अनेक जण सांगतात. गोड्या पाण्यातल्या इंजिनाला तो सल्ला योग्य आहे. खाडीत चाललेल्या इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत मात्र मिठाचे आणि चुन्याचे थर साचतात. बाहेरून सारे ठीक दिसते, मागच्या भोकातून पाण्याची धारही पडते आणि तरीही एक सिलिंडर तापून पिस्टन धरून बसतो. त्या धारेवरून पंप पाणी वर आणतो आहे एवढेच कळते; ते पाणी हेडभोवती सगळीकडे पोहोचते की नाही हे कळत नाही. म्हणून निदान थर्मोस्टॅटचे (तापमानानुसार थंड करणाऱ्या पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेचे) झाकण तरी उघडून आत पाहावेच. थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या भांड्यात सोडून तपासता येतो. त्याच्यावर तापमान कोरलेले असते आणि या आकाराच्या इंजिनांत तो सामान्यतः 50 अंश सेल्सिअसच्या आसपास उघडू लागतो.

जाम झालेला बोल्ट ओढून काढण्याचा प्रयत्न केला तर तो हमखास तुटतो. अ‍ॅल्युमिनियमचे हेड आणि पोलादाचा बोल्ट यांच्यामध्ये खारे पाणी शिरले की विद्युत-रासायनिक क्रियेने अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. तुमच्या गिअरबॉक्सवरची भुकटीही त्याच जातीची आहे. उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून बोल्टाला नव्हे तर त्याच्या भोवतीच्या हेडला हॉट एअर गनने ऊब द्यावी. पेट्रोलची नळी, टाकी आणि कार्बुरेटर आधी तेथून दूर न्यावेत, हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो. ऊब दिल्यावर बोल्ट आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने आणि मग सैल करण्याच्या दिशेने, असा थोडा थोडा हलवावा. परत बसवताना आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारा लेप) लावले नाही, तर पुढच्या वेळी हीच कसरत पुन्हा करावी लागेल.

निळी भरती

तेल आणि इंधन यांविषयी. स्कूटरचे टू-टी तेल वापरू नये. ते हवेने थंड होणाऱ्या, अधिक तापमानाला चालणाऱ्या इंजिनांसाठी असते आणि त्यातील राख निर्माण करणारी द्रव्ये पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात प्लगवर आणि पिस्टनवर साचतात. डब्यावर टीसी-डब्ल्यू3 असे लिहिलेले सागरी टू-स्ट्रोक तेलच घ्यावे. बहुतेक इंजिनांना प्रमाण 50:1 असते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर तेल. तुमच्या इंजिनाची पुस्तिका वेगळे सांगत असेल तर तिचेच ऐकावे. रिंगा किंवा बेअरिंगे बदलली असतील तर सुरुवातीच्या काही तासांसाठी 25:1 प्रमाण ठेवण्याची पद्धत आहे.

आपल्याकडे आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्या काळातील रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. इंधनाची नळी, हातपंपाचा फुगा, इंधनपंपाचा पडदा आणि कार्बुरेटरची गॅस्केटे जुनी असतील तर ती दिसायला बरी असली तरी बदलावीत. इथेनॉल हवेतील ओलावा ओढते आणि दमट किनाऱ्यावर टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलाच्या तळाशी पाणी-इथेनॉलचा वेगळा थर बसतो. तेल त्या थरात मिसळत नाही, त्यामुळे तो थर सिलिंडरात गेला तर इंजिन वंगणाशिवाय चालते. म्हणून मिश्रण लागेल तेवढेच करावे. कार्बुरेटरच्या जेटमध्ये (इंधनाच्या बारीक भोकात) तार किंवा ड्रिल घालू नये. भोक किंचित मोठे झाले तरी मिश्रण बिघडते. क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या दाबाने साफ करावे.

खाडीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गिअरबॉक्सचा स्क्रू उघडला असता आधी थोडे पाणी आणि मागून दुधी तेल आले; धातूचे तुकडे दिसले नाहीत. पाण्यातला पंखा (प्रोपेलर) काढला तेव्हा शाफ्टभोवती जाळ्याचा नायलॉनचा दोरा आवळून बसलेला आढळला. फ्लायव्हील तेलाने मोकळे झाले आणि दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन जवळजवळ सारखे आले. पाण्याच्या पंपातील इम्पेलरची (पाणी वर ढकलणाऱ्या रबरी चक्राची) दोन पाती मात्र जागेवर नाहीत.

सुकाणू

ही बातमी चांगली आहे आणि पाणी आत कोठून गेले हेही बहुधा कळले. तो दोरा सीलची कड कापतो. मासेमारीच्या होड्यांत हे नेहमीचे आहे. पंख्याच्या शाफ्टचे सील तर बदलाच, परंतु उभ्या शाफ्टचे सील आणि दोन्ही स्क्रूंखालचे वॉशरही त्याच वेळी बदला. सील बसते त्या जागी शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवे सीलही टिकणार नाही. तेल भरताना ते खालच्या भोकातून वर चढवावे, वरच्या भोकातून बुडबुडे न येता बाहेर पडले की आधी वरचा स्क्रू लावावा आणि मगच खालचा.

इम्पेलरची तुटलेली पाती शोधल्याशिवाय इंजिन चालू करू नका. ती वर जाणाऱ्या नळीत किंवा थर्मोस्टॅटपाशी अडकलेली असतात आणि नवा इम्पेलर त्यांना आणखी आत ढकलतो. गिअरबॉक्स परत जोडताना उभ्या शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावा, पण त्याच्या वरच्या सपाट टोकाला लावू नका. तेथे ग्रीस साचले तर शाफ्ट पूर्ण आत बसत नाही आणि बोल्ट आवळताना क्रँकशाफ्टवर भार येतो.

पहिली चाचणी मोठ्या ड्रममध्ये गोडे पाणी भरून, पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल इतक्या पातळीत करावी. पंखा काढून ठेवलात तर पाणी उसळणार नाही. पाण्याबाहेर इंजिन क्षणभरही चालवू नये, कारण कोरडा इम्पेलर काही सेकंदांतच जळतो. धार स्थिर आहे आणि हेडला क्षणभर हात टेकवता येतो, असे दिसल्यावरच होडीला लावावे. जस्ताचा ॲनोड (अ‍ॅल्युमिनियमऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) झिजलेला असेल तर नवा बसवा आणि गिअरबॉक्स रंगवताना त्याच्यावर रंग जाऊ देऊ नका. होडीच्या तळाला लावतात तो तांबेयुक्त रंग अ‍ॅल्युमिनियमच्या या भागाला लावू नये. तांब्यामुळे ते अधिकच वेगाने झिजते.