बी विंग ग्रुप : डिमेन्शियाचं सेंटर बघताना काय विचारायचं?

बी-३०४ : नमस्कार. सासूबाईंना अल्झायमर (डिमेन्शियाचाच, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा प्रकार), मधला टप्पा. चालतात, पण रात्री दार उघडून बाहेर पडतात. पुण्यात सेंटर शोधतोय. नावं नकोत, काय तपासायचं ते सांगा.

बी-६०१ : साध्या वृद्धाश्रमात जाऊ नका. स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात बरेच जण. फॉर्मवर आजार सौम्य लिहिलात तर दोन महिन्यांत "घेऊन जा" म्हणून फोन येतो.

आणि सकाळी अकराला जाऊन काही कळत नाही. आंघोळी झालेल्या, भजनं चालू, सगळं छान. संध्याकाळी ५ ते ७ मध्ये जा. मावळतीला बेचैनी वाढते, "घरी जायचंय" सुरू होतं, त्यात बऱ्याच ठिकाणी तेव्हाच पाळी बदलते. मावशी नुसतं "बसा आजी" म्हणून ओरडतात की हात धरून एक चक्कर मारून आणतात, तेवढं बघा. बाकी माहितीपत्रक फेकून दिलंत तरी चालेल.

बी-१०२ : सेंटरवाले सांगतात तो "वीस जणांमागे पाच कर्मचारी" हा आकडा दिवसाचा असतो. रात्री १० ते ६ जागे किती, असंच विचारा. स्वयंपाकी आणि वॉचमन त्यात मोजलेत का तेही.

बी-४०३ (डॉक्टर) : "आमच्याकडे रात्री सगळे शांत झोपतात" ऐकून खूश होऊ नका. ते गोळ्यांमुळेही असू शकतं. क्वेटिआपिन, रिस्पेरिडोनसारख्या शांत करणाऱ्या मानसोपचाराच्या गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं (एफडीए) २००५ मध्येच दिला. कधीकधी त्या द्याव्या लागतात, नाही असं नाही. पण कुणी लिहिली, कशासाठी, कमी कधी करणार, हे फाइलमध्ये हवं. घरच्यांना कळवल्याशिवाय नवी गोळी नाही, हे लेखी घ्या.

एका दिवसात गोंधळ अचानक वाढला तर तो बहुधा मूळ आजार नसतो. लघवीचा संसर्ग, पोट साफ नसणं, पाणी कमी पडणं, एखादी नवी गोळी. "अशा वेळी आधी काय करता?" विचारा. झोपेचं इंजेक्शन म्हणाले तर उठा तिथून.

बी-७०२ : आईला असं बाहेर ठेवायचं? ब्युरोची बाई लावा की घरी.

बी-६०१ : काका, एक बाई दिवसभर राबून रात्रभर जागणार कशी? दोन पाळ्या आणि सुट्टीला बदली, म्हणजे तीन बायका. जमत असेल तर घरच बरं. त्यांना जमत नाहीये म्हणूनच विचारतायत.

बी-५०३ : महिन्याचा आकडा फसवा असतो. डायपर (दिवसाला ३-४, म्हणजे महिन्याला शंभरेक), औषधं, फिजिओ, रुग्णालयात सोबतीचा माणूस, सगळं वेगळं. अंथरुणाला खिळल्यावर दर किती वाढतो? डिपॉझिट किती दिवसांत परत? महिन्याच्या मध्येच काही झालं तर हिशोब कसा? विचारायला अवघड वाटतं, पण सहीच्या आधी विचारा.

बी-१०२ : कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अटर्नी) विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की ते कायद्यानं संपतं, मग पालकत्वासाठी हायकोर्ट. सही समजून करता येते असं डॉक्टर म्हणत असतील तर बँकेचं खातं "दोघांपैकी कोणीही" करून घ्या. पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, त्यासाठी बँकेत न्यायला नको.

बी-३०४ : सामान काय द्यायचं?

बी-६०१ : कपड्यांचे सात जोड, समोरून उघडणारे गाऊन. नाव धाग्यानं शिवा, मार्कर धुण्यात जातो. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र यांवरही नाव, आणि फोटो काढून ठेवा. कवळी हरवली की जेवण सुटतं आणि वजन उतरतं. म्हणून दर महिन्याच्या वजनाची वहीही मागा. दागिने घरीच. एका कागदावर लिहून द्या : हाक काय मारायची, चहात साखर किती, कुठल्या कुशीवर झोप लागते, कशाची भीती वाटते.

बी-७०२ : ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. असू दे जवळ.

बी-३०४ : धन्यवाद काका 🙏 शनिवारी साडेपाचला दोन ठिकाणी जातोय.

बी-६०१ : मीही येते. रात्रीचं जेवण किती वाजता उरकतात ते बघायचंय मला. सहाला उरकलं तर सकाळपर्यंत उपाशी.

बी-५०३ : कोऱ्या कराराची प्रत मागून आणा. वाचून देतो.