प्रॉडक्शनवर वेबलॉजिक टाकताना विझार्ड नकोच

भांडुपकर:
प्रॉडक्शनच्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या, लिनक्स सर्व्हरवर वेबलॉजिक (जावा अॅप्लिकेशन चालवणारा ओरॅकलचा सर्व्हर) विझार्डच्या स्क्रीनवर माऊसने क्लिक करत टाकू नये, असं माझं ठाम मत झालंय. शनिवारी रात्री मेंटेनन्ससाठी मिळालेल्या वेळेत ऐरोलीच्या डेटा सेंटरमधल्या चार मशीनवर आम्ही ते विझार्डने टाकलं. तिसऱ्यापर्यंत डोळे मिटायला लागले होते, चौथ्यावर ओरॅकल होमचा, म्हणजे वेबलॉजिक ज्या फोल्डरमध्ये बसतं त्याचा, पाथ वेगळा पडला. सर्व्हर सुरू झाला, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. तीन महिन्यांनी पॅचची स्क्रिप्ट नेमकी तिथेच अडकली आणि पहाटेची पहिली लोकल सुटेपर्यंत आम्ही कारण शोधत होतो. ओरॅकल होम आणि इन्स्टॉल टाइप रिस्पॉन्स फाइलमध्ये (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली फाइल) एकदा लिहा, तीच फाइल चारही ठिकाणी सायलेंट मोडमध्ये, म्हणजे स्क्रीन न दाखवता, चालवा.

दादर टीटी:
नाही पटलं. फाइलमध्येच चूक असेल तर ती चारही मशीनवर जाते. आमच्याकडची नवी मुलं जुन्या प्रोजेक्टची फाइल उचलतात आणि चालवतात. इन्व्हेंटरी (मशीनवर ओरॅकलचं काय काय टाकलंय त्याची नोंद) कशासाठी असते विचारलं की गप्प. विझार्डमध्ये निदान प्रत्येक स्क्रीनवर थांबून वाचावं लागतं.

भांडुपकर:
चारही ठिकाणी सारखी चूक मला चालेल, ती एका ओळीत दुरुस्त होते. फाइल गिटमध्ये (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) असली की कोणी काय बदललं तेही दिसतं. विझार्डमध्ये कोणी कुठे काय निवडलं, हे तीन महिन्यांनी कोणाला आठवणार? आणि एकदाच्या इन्स्टॉलसाठी प्रॉडक्शनवर विझार्डच्या स्क्रीन दाखवायला लागणाऱ्या एक्स-विंडोच्या लायब्रऱ्या का चढवायच्या?

ठाणे स्लो:
यूएटीवर, म्हणजे चाचणीच्या मशीनवर, विझार्ड चालवा. इन्स्टॉल सुरू होण्याआधीच्या समरी स्क्रीनवर रिस्पॉन्स फाइल सेव्ह करायचं बटण असतं. वेबस्फिअर या आयबीएमच्या तशाच सर्व्हरच्या इन्स्टॉलेशन मॅनेजरमध्येही अशी फाइल रेकॉर्ड करता येते.

दादर टीटी:
हे मान्य. पण खरी गोची इन्स्टॉलनंतरच असते. आमचा सर्व्हर लोड वाढल्यावर ‘टू मेनी ओपन फाइल्स’ म्हणत बसला. एका वेळी किती फाइल्स उघडता येतील ती मर्यादा लिमिट्स डॉट कॉन्फ या फाइलमध्ये 65536 लिहिलेली होती, वेबलॉजिकच्या युजरने लॉगिन करून यूलिमिट कमांडने पाहिलं तर आकडा बरोबर. तरी मर्यादा लागू नव्हती! कारण सर्व्हिस सिस्टमडीतून (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) सुरू होत होती, आणि लॉगिनच्या मर्यादा तिथे लागत नाहीत. सर्व्हिसच्या सिस्टमडी सेटिंगच्या युनिट फाइलमध्येच लिमिट-नोफाइल द्यावं लागतं. तुमची रिस्पॉन्स फाइल हे शिकवत नाही. मुलांनी स्वतः हाताने एकदा सगळं केल्याशिवाय असं काही सापडत नाही.

भांडुपकर:
इथे तुमचं खरं आहे, आमच्या गिटच्या रेपोत युनिट फाइल नाही. उद्या टाकतो. वेगळा युजर बनवायची स्क्रिप्टही त्यातच ठेवतो, नाहीतरी रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरने, हा इन्स्टॉलर पुढे जातच नाही. पुढच्या वेळी यूएटीवर मुलांना विझार्ड स्वतः चालवू देईन. प्रॉडक्शनवर मात्र नाही.