एसएमपीएसचा गोंगाट: आधी वाट शोधा

हॅम रेडिओच्या सेटला स्विचिंग सप्लाय (एसएमपीएस, म्हणजे वेगाने चालू-बंद होणाऱ्या सर्किटवर चालणारा हलका वीजपुरवठा) लावला की ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झच्या बँडवर) गोंगाट होतो, म्हणून जड ट्रान्सफॉर्मरवालाच बरा, असं काहींचं म्हणणं असतं. गोंगाट होतो हे खरं, पण तेवढ्यासाठी सप्लाय मोडीत काढू नका.

माझ्याकडे एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तसला जाळीदार पत्र्याचा १२ व्होल्टचा सप्लाय आहे. टर्मिनलशेजारचा प्रीसेट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू) फिरवून तो सेटला लागणाऱ्या १३.८ व्होल्टवर आणला. सेटची डायल सावकाश फिरवली की दर ६०-७० किलोहर्ट्झला एक खरखर यायची, तीही हळूहळू सरकणारी. अँटेना काढली तर साफ शांतता! म्हणजे सप्लायच्या वायरीच अँटेना होऊन कचरा फेकत होत्या. मग डीसीच्या दोन्ही वायरी एकत्र धरून फेराइट (गोंगाट अडवणारं चुंबकीय सिरॅमिक) रिंगमधून आठ वेढे घेतले, मेन्सच्या वायरीलाही तसेच. दोन्ही एकत्रच घ्या, नाहीतर लोडचा करंट रिंग सॅच्युरेट करतो, म्हणजे तिचं चुंबकत्व भरून जातं आणि ती निकामी ठरते. आणि वेढ्यांची कंजुषी नको: वेढे दुप्पट केले की इम्पीडन्स (गोंगाटाला होणारा अडथळा) साधारण चौपट होतो. नुसती फेराइटची एक क्लिप अडकवून एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ, ४० मीटरही त्यातच) फारसं काही होत नाही. माझी खरखर बँडच्या नेहमीच्या आवाजात बुडाली.

अर्थिंग मात्र हवंच. आतल्या फिल्टरचे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर फिल्टर लुळा पडतो आणि पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात.

१०० वॅटचा सेट ट्रान्समिटला २० अँपिअरच्या आसपास ओढतो, तेव्हा ३० चा घ्या. झाकण उघडणार असाल तर प्लग काढल्यावरही थांबा, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्ट असतात.