मदत हवी आहे: कमी नेटवर्कवर फुटबॉल वर्ल्डकपचे निकाल आणि तिसऱ्या नंबरचा तक्ता

आम्ही हर्णैला असतो. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, मासेमारी बंद, त्यामुळे दुकानाच्या पडवीत रोज सकाळी फुटबॉलचीच चर्चा. मी फळ्यावर खडूने निकाल लिहितो आणि पोरं तो बघायला शाळेत जाताना थांबतात. म्हणून चुकीचा आकडा लिहायला नको वाटतं.

या वेळी ४८ संघ, ४ संघांचे १२ गट. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातात, ते कळतं. पण तिसऱ्या नंबरच्या १२ संघांपैकी ८ पुढे जाणार, तिथे गाडी अडते. सामने अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत, म्हणजे आपल्याकडे रात्रभर आणि काही तर सकाळपर्यंत.

पेपरात रात्रीचे निकाल येत नाहीत. अ‍ॅप टाकून पाहिलं. पाऊस लागला की नेटवर्क एका काडीवर येतं आणि फोटोंमुळे पान उघडतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला स्कोअर दोनदा चुकीचा निघाला. टीव्ही आहे, पण लाइट पहाटे हमखास जाते. फोन साधा अँड्रॉइड, डेटा रोजचा १ जीबी. लाइव्ह व्हिडिओ नको, पैसे भरायचं काही नको.

फक्त अक्षरं-आकडे दाखवणारी, तिसऱ्या नंबरच्या संघांचा तक्ता रोज अद्ययावत ठेवणारी साइट कुणी वापरता का? आणि दोन तिसऱ्या संघांचे गुण आणि गोलफरक दोन्ही सारखे झाले, तर फळ्यावर वर कुणाला लिहायचं?