आई-बाबांना पेशावरीला न्यायचंय, एवढे पैसे घालवणं वर्थ आहे का?

कराडची_लेक
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. दरवेळी साडी, शर्टपीस आणि घरी श्रीखंड-पुरी असंच होतं, यावेळी मी आणि नवऱ्याने ठरवलंय की त्यांना एकदा तरी मोठ्या ठिकाणी जेवायला न्यायचं. डोक्यात आहे ते मुंबई विमानतळाजवळच्या आयटीसी मराठा हॉटेलमधलं पेशावरी रेस्टॉरंट. कारण असं की २००० साली अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन दिल्लीला आले तेव्हा तिथल्या काली डाळीसाठी प्रसिद्ध असलेल्या बुखारा रेस्टॉरंटमध्ये जेवले होते, ते पेपरात वाचलेलं बाबांना अजून पाठ आहे, टीव्हीवर दिल्लीतलं कुठलंही मोठं हॉटेल दिसलं की "इथंच ती डाळ मिळते का गं" म्हणून विचारतात. आता चौघांनी दिल्लीला जायचं तर विमान, हॉटेल सगळं आलं, आणि पेशावरी हे बुखाराचंच भावंड, मेनूही जवळपास तोच, म्हणून हे डोक्यात आलं.

आम्ही चौघं, ड्रिंक्स कोणी घेत नाही, तरी मेनू बघून मी १४ हजार धरलेत. बाबा मटणाचे शौकीन आहेत पण आई पूर्ण शाकाहारी, आणि तिचे गुडघे दुखतात. शिवाय बिल बघून दोघांचाही जीव कासावीस होणार हे मला माहितीये. बाबा एसटीत होते, आयुष्यभर डबा खाल्लेला माणूस, "एवढ्यात महिन्याचा किराणा झाला असता" हे वाक्य येणारच. तर जे गेलेत त्यांनी खरं सांगा, पैसे वसूल होतात का की नुसतं नाव?

भट्टीवरचा
ताई, मी १२ वर्षं हॉटेल लाईनमध्ये काढली, त्यातली ५ तंदूरवर (तुम्ही म्हणताय तिथे नाही, दुसरीकडे), म्हणून जरा आतलं सांगतो. काली डाळ नीट करायची तर अख्खे उडीद भिजवून, उकडून, मग टोमॅटो, आलं, लसूण घालून रात्रभर मंद आचेवर ठेवायचे. रात्री शेवटची ऑर्डर गेली की तंदूरचे निखारे तसेच राहतात, त्यावर पातेलं चढतं आणि सकाळपर्यंत ते हळूहळू रटरटत राहतं. घाई केली की उडीद शिजतात पण सुटे राहतात, पाणी एकीकडे आणि डाळ एकीकडे. रात्रभर ठेवली की दाणा अख्खा दिसतो पण जिभेवर ठेवला की नुसती साय. लोणी-क्रीम शेवटी जातं, पण दाटपणा त्याचा नसतो, उडदाचाच असतो. बरीच हॉटेलं कुकरला ४ शिट्ट्या काढून वर क्रीम ओततात आणि तिलाच दाल मखनी म्हणतात, एक घास खाल्ला की फरक कळतो.

राण पण तशीच. कोवळ्या बकऱ्याची अख्खी मांडी, हाडापर्यंत चिरे मारून मसाला मुरवायचा, मग झाकून दमावर शिजवायची आणि शेवटी सळीवर लावून तंदुरात. आधी जास्त शिजली तर सळीवरून गळून निखाऱ्यात पडते, कमी शिजली तर दातात अडकते. हा अंदाज वजन करून येत नाही, हाताने दाबून येतो, आणि असा हात असलेला माणूस टिकवायचा तर त्याला पगारही तसाच द्यावा लागतो. मेनूचे दर लावताना कच्चा माल साधारण ३० टक्क्यांच्या आसपास धरतात, बाकी पगार, जागा, कोळसा, गॅस, कपडे धुणं, काचसामान. म्हणजे तुम्ही १४ हजारांत उडीद विकत घेत नाही आहात एवढं नक्की.

माझं मत विचाराल तर बाबांसाठी जरूर न्या. ते कराडकडचे म्हणजे उडदाचं घुटं (घोटलेली आमटी) खाल्लेलं असणार, त्यांना ती डाळ इतरांपेक्षा जास्त कळेल.

हिशेबी_माणूस
खाण्याचं भट्टीवाल्या दादांनी सांगितलंच, मी बिलाचं सांगतो कारण तिथेच लोक गडबडतात. मेनूवरचे भाव टॅक्स सोडून असतात. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असतं तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. म्हणजे तुमच्या १४ हजारांवर २,५२० आणखी, एकूण १६,५२०. हे आधीच धरून चला, नाहीतर टेबलावर बिल आल्यावर चेहरा पडतो आणि तो आई-बाबांना बरोबर दिसतो.

दुसरं सर्व्हिस चार्ज. हा कर नाही, तो द्यायचा की नाही हे आपल्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्यात की तो आपोआप बिलात लावायचा नाही, आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. मी एका मोठ्या ठिकाणी (नाव नको) शांतपणे "हा काढून द्या" म्हटलं तर मॅनेजर १० मिनिटं हुज्जत घालत बसला, शेवटी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचं नाव काढल्यावर दुसरं बिल आलं. पण लग्नाच्या वाढदिवसाच्या टेबलावर ही हुज्जत नको म्हणून बुकिंग करतानाच विचारून घ्या. वाढणाऱ्या माणसाला खूश होऊन काही द्यायचं असेल तर त्याच्या हातात द्या, मी तसंच करतो.

आणि पाणी. बसल्याबसल्या विचारतात, कुठलं पाणी आणू, आपण संकोचून बाटली म्हणतो आणि चौघांच्या ४ बाटल्या होतात. साधं फिल्टरचं मागायला अजिबात लाजू नका.

रुचकर_रमा
मी गेल्या वर्षी सासूबाईंच्या पंचाहत्तरीला मुंबईतल्या एका टेस्टिंग मेनूवाल्या ठिकाणी गेले होते, नाव लिहीत नाही. १० कोर्स, आधी पैसे भरायचे, काय येणार ते त्यांनी ठरवायचं. माझं आणि नवऱ्याचं म्हणाल तर खूप आवडलं, एका कोकमाच्या पदार्थाची चव तर अजून जिभेवर आहे. पण सासूबाईंची संध्याकाळ वाया गेली याचं मला आजही वाईट वाटतं. प्रत्येक ताटली आली की तो मुलगा वाकून इंग्रजीत दीड मिनिट सांगायचा, त्या बिचाऱ्या हातातला चमचा तसाच धरून ऐकायच्या, कळायचं काहीच नाही, मग आम्ही भाषांतर करेपर्यंत ते निवून जायचं. सातव्या कोर्सला त्यांनी मला हळूच विचारलं, "भात येणारे का गं?" घरी आल्यावर रात्री ११ ला त्यांना दहीभात कालवून दिला.

म्हणून कराडची_लेक, तुमची निवड मला बरोबर वाटतेय. मी पेशावरीला दोनदा गेलेय, तिथे समजावून सांगण्यासारखं काही नसतं, डाळ आहे, नान आहे, मटण आहे, हाताने खायचं. काटे-चमचे मांडतच नाहीत, गळ्यात मोठा एप्रन बांधतात, म्हणजे आपल्या आई-बाबांना कुठला काटा कुठल्या हातात ही धाकधूक नाही. आईंसाठी तंदुरी आलू, तंदुरी फूल (फ्लॉवर), पनीर टिक्का, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. फक्त बसायला बुटकी स्टुलं असतात, गुडघ्यांचं फोनवर आधीच सांगा आणि पाठ टेकता येईल अशी जागा मागून घ्या.

सोलकढी_फॅन
मी थोडं विरुद्ध बोलतो, राग नसावा. १६ हजारांत चौघं तारकर्लीला दोन दिवस राहून सुरमईचं ताट खाऊन येतात. आणि मला मुळात हे खुपतं की भारी जेवण म्हटलं की आपण डोळे झाकून उत्तरेकडचं जेवण धरतो. आपलं जेवण २५० रुपयांच्या वर गेलं की "थाळीला एवढे?" म्हणून हॉटेलवाल्याशी आपणच भांडतो. खानदेशातली बाई मांड्याची पारी मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हातांवर खेळवत एवढी मोठी करते आणि अलगद उलट्या खापरावर टाकते, आत पुरण असूनही फाटत नाही. ही कारागिरी रुमाली रोटीपेक्षा कुठे कमी आहे? पण मांड्याला कोणी हजार रुपये देईल का?

भट्टीवरचा
सोलकढी दादा, मुद्दा मान्य, अगदी मान्य. पण त्याला कारणही आहे. तंदूरच्या कामाला उस्ताद असतो, त्याला पगार असतो, त्याच्या हाताखाली पोरं तयार होतात. आपले मांडे, सांदण, उकडीचे मोदक हे सगळं घरातल्या बायकांनी फुकट केलं, म्हणून त्याला भाव लावायची आपल्याला सवयच नाही. मुंबईत बॉम्बे कॅन्टीनसारख्या रेस्टॉरंटांनी २०१५ पासून प्रादेशिक जेवण मोठ्या टेबलावर आणलं, तसे मांडेवाल्या बाईला उस्तादाचा पगार देणारे निघाले तर मी पहिला बुकिंग करीन. तोवर ताईंच्या बाबांची डाळ का अडवायची?

सोलकढी_फॅन
नाही नाही, अडवत नाहीये. बाबांची २५ वर्षांची इच्छा असेल तर प्रश्नच मिटला. जा बिनधास्त.

कराडची_लेक
मंडळी, जाऊन आलो! सगळ्यांचे मनापासून आभार, फोनवर गुडघ्यांचं सांगून ठेवलं होतं त्यामुळे आईला भिंतीकडेची टेकायची जागा मिळाली. बाबांना एप्रन बांधला तेव्हा ते एकदम ताठ बसले, फोटोत लहान मुलासारखे दिसतायत. काचेपलीकडे भट्टी दिसते, ती लांब सळ्या ओढणारी माणसं बाबा किती तरी वेळ बघत होते.

डाळ आली तर बाबांनी नान बाजूला ठेवला आणि आधी नुसतं बोट बुडवून चाखलं. काही बोललेच नाहीत. मग दुसऱ्यांदा. मग आईला म्हणाले, "आपल्या माईचं घुटं असंच व्हायचं, रात्रभर चुलीवर राहायचं तेव्हा." माई म्हणजे माझी आजी, ती जाऊन ३१ वर्षं झाली. आईने डोळे पुसले, मीही पुसले. भट्टीवाले दादा, तुमचं त्या क्षणी आठवलं.

आता स्पष्ट मत. डाळ आणि राण यांच्यासाठी जावं, नुसत्या पनीर-नानसाठी एवढे पैसे मी घालणार नाही. आईने तंदुरी आलू आवडीने खाल्ले, बाहेरून खरपूस आणि आत भरलेलं सारण. चौघांना एकच भला मोठा नान भरपूर झाला, राणही एकच घेतली तरी उरली, त्यामुळे बिल माझ्या अंदाजापेक्षा कमी आलं, टॅक्ससकट १३ हजारांच्या जरा आत. हिशेबी दादांचं ऐकून साधं पाणी मागितलं, लगेच आणून दिलं. बिल नवऱ्याने उठून बाहेर जाऊन भरलं, बाबांना आकडा सांगितला नाही. घरी येताना गाडीत विचारलं त्यांनी, मी "आठवत नाही" म्हटलं, त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. माझ्यापुरते तरी पैसे वसूल.

रुचकर_रमा
वाचून खूप बरं वाटलं गं. उरलेली राण बांधून दिली का?

कराडची_लेक
हो, न मागता. दुसऱ्या दिवशी आईने तव्यावर गरम करून दिली, बाबांनी ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली.