आईने बदललेला शेवट

माहीमची मेधा
काल किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ती कादंबरी दिसली आणि मी तिथेच थबकले. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमधलं किनाऱ्यावरचं छोटं गाव, बेपत्ता बहीण, दीपगृहावरचा अबोल माणूस. १९९३ साली आमच्याकडे हीच होती, शेवटची पानं गळालेली. आई मेथी निवडता निवडता ती आम्हाला मराठीत सांगायची. शेवट ठरलेला: पौर्णिमेच्या मध्यरात्री तो होडी घालतो आणि तिला बेटावरून घेऊन येतो.
काल रात्री वाचलं, तर तो वाळूतून चालत जातो! होडी नाहीच. आई जाऊन सहा वर्षं झाली, विचारणार कोणाला?
तुमचंही असं एखादं पुस्तक असेल तर लिहा ना.

विरारवाली
मेधा, डोळे भरून आले गं. माझं असंच एक लेडीज डब्यात वाचताना बोरिवली कधी गेलं कळलंच नाही, उतरले भाईंदरला. खुनी डॉक्टर निघाला. पण राग मला हिरोचा. सगळं माहीत असून दोनशे पानं गप्प! बोलला असता तर ती बिचारी एवढी घाबरली असती का? कुकर लावलाय, नंतर येते.

गिरगावकर
आमच्या वाचनालयातल्या प्रतीवर कोणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहिलं होतं. वीस वर्षं झाली, अजून माफ केलेलं नाही.

वरसोलीचा
मेधाताई, आई अलिबागकडच्या का? आपल्याकडे पुनवेला उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटीलाच. पुनवेच्या मध्यरात्री वाळू कुठली, पाणीच पाणी! कॉर्नवॉलला त्याच सुमारास ओहोटी असते, म्हणून पुस्तकातलंही बरोबर.

विरारवाली
अलिबागवरून आठवलं, गेटवेहून मांडव्याच्या बोटी चालू आहेत का? शनिवारी नणंदेकडे जायचंय.

माहीमची मेधा
@वरसोलीचा, हो! आजोळ अलिबागचं, आजोबांची होडी होती. मघापासून नुसती रडतेय. आईला वाळू दिसलीच नसणार.

वरसोलीचा
@विरारवाली, पावसात त्या बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) बघा. मेधाताई, आजोबा कोणत्या आळीतले?