महागडं डिझेल टाकून खरंच काही होतं का?

घाटपायथा:
पंपावर गेलं की पोरगा विचारतो "साहेब, साधं की पॉवर?" आणि मागे चार जण हॉर्न मारत असतात म्हणून आपण पॉवर म्हणून मोकळे होतो. माझी २०१५ ची स्विफ्ट डिझेल, एक लाख चाळीस हजार किमी झालेत. आठ महिने फक्त हे पॉवर, म्हणजे प्रीमियम डिझेल टाकलं, अ‍ॅव्हरेज १८ चं १८. साधं ९० रुपये धरा आणि हे चार रुपयांनी महाग, म्हणजे पैसे वसूल व्हायला निदान १८.८ तरी पडायला हवं ना? प्रदूषणाचे बीएस ६ नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० पासून, साध्या डिझेललाच सल्फर १० पीपीएमची (दहा लाख भागांत १०) मर्यादा आणि सिटेन किमान ५१ आहे. त्यावर अजून पैसे टाकायचे म्हणजे तुपाला तुपाची फोडणी.

कॉमनरेल_काका:
अहो सिटेन म्हणजे ताकद नव्हे, डिझेल फवारल्यावर पेटायला किती वेळ लागतो त्याचं माप आहे ते. जास्त असेल तर सकाळची खडखड कमी होते, बास. प्रीमियममध्ये पैसे असतात ते डिटर्जंटचे, म्हणजे मळ साफ करणाऱ्या रसायनाचे. दीड हजार बारच्या प्रेशरने डिझेल इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पार्टच्या, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या भोकातून जातं, तिथे कार्बन साचला की फवारा नीट उडत नाही, मग काळा धूर, मग पिकअप गेलं म्हणून तुम्ही गॅरेजला. हे अ‍ॅव्हरेजमध्ये आठ महिन्यांत दिसणारं काम नाहीच.

घाटपायथा:
गॅरेजलाच गेलो होतो की! प्रीमियम चालू असतानाच इंजेक्टर गेला. मेकॅनिकने चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (न फवारता परत येणारं डिझेल निघतं तिथे) नळ्या लावून चार बाटल्या टांगल्या, गाडी चालू केली, तीन बाटल्यांत बोटभर डिझेल आणि तिसऱ्या नंबरची निम्म्याच्या वर, म्हणजे तोच गळत होता. मग फिल्टर काढून काचेच्या बरणीत ओतला तर तळाला पाणी वेगळं दिसत होतं.

कॉमनरेल_काका:
मग तो दोष डिझेलच्या ग्रेडचा कसा? पाण्याने आतले पार्ट झिजले. साबणाने मळ निघतो, झिजलेलं लोखंड भरून येत नाही. फिल्टरचं पाणी शेवटचं कधी सोडलं होतं ते सांगा आधी.

सहा_चाकी:
आमच्या गाड्या सोलापूर लाईनला. जिओ-बीपीने २०२३ ला अ‍ॅडिटिव्हवालं, म्हणजे असं रसायन मिसळलेलं डिझेल साध्या भावात आणलं, ट्रकला ४.३ टक्क्यांपर्यंत जादा अ‍ॅव्हरेजचा दावा केला. जादा पैसे नाहीत तर घ्यायला काय जातं, घेतो. पण खरं सांगू, दोन ड्रायव्हरांच्या पायात याहून जास्त फरक असतो, एक जण घाट उतरताना गिअरवर सोडतो आणि दुसरा सिग्नलला पण रेस मारत उभा.

कोथरूडकर_७७:
मला वेगळाच अनुभव. बीएस ६ एसयूव्ही, ऑफिस चार किमी. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा सारखा लागायचा, कुणीतरी सांगितलं प्रीमियम टाक, तीन टाक्या टाकल्या, दिवा तसाच. शेवटी एका रविवारी एक्स्प्रेसवेवर खोपोलीपर्यंत एका दमात नेली तेव्हा गेला. फिल्टर तापल्याशिवाय आतली काजळी जळतच नाही, महागडं डिझेल टाकून तो चार किमीत तापणार आहे का?

कॉमनरेल_काका:
हे बरोबर आहे. पण गाडी नवीन असेल तर पहिल्यापासून टाका असंच मी म्हणेन, साचलेलं काढण्यापेक्षा साचू न देणं स्वस्त. आणि काय ते "थंडीत चांगलं चालतं" वगैरे पुण्यात बोलू नका कुणी, लडाखला इंडियन ऑइल वेगळं हिवाळी डिझेल देतं, उणे ३३ पर्यंत न गोठणारं. त्याला थंडी म्हणतात.

घाटपायथा:
ठीक आहे, इंजेक्टर नवीन टाकलाय. आता पाच हजार किमी साधं, नंतर पाच हजार प्रीमियम, पंप तोच, रस्ता पुणे-सातारा तोच. आकडे इथेच टाकतो.

सहा_चाकी:
टायरची हवा आणि एसी चालू का बंद ते पण लिही. नाहीतर काका परत धरतील.